उजवीकडचा देव

उधव्याच्या पाड्यावर भिकीला वय विचारलं तर तिचं उत्तर ठरलेलं असतं, "फिरंगी गेला तवा मी शेळ्या राखायची." आधार कार्डावर तिची जन्मतारीख एक जानेवारी आहे. पाड्यावरच्या निम्म्या म्हाताऱ्यांची तीच आहे, त्यामुळे सरकारदरबारी या भागात एक जानेवारीला बाळंतिणींची झुंबड उडत असली पाहिजे. हिशेब आपणच करावा. फिरंगी, म्हणजे पोर्तुगीज, चोपन्न साली गेला, शेळ्या राखणारी पोर आठ-दहा वर्षांची, म्हणजे भिकी आता ऐंशीच्या घरात. दात तीन उरलेत, एका डोळ्यानं दिसतं, जीभ मात्र शाबूत आहे.

तिचा भूगोल पायांनी मोजलेला. मावळतीला झाईचा समुद्र. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या, आधी ती आणि पाड्यावरच्या चार बायका तिथून सुका बोंबील आणायच्या, जाताना तलासरीला मुक्काम करून. दक्षिणेला डहाणूच्या चिकूवाड्या. तिथे तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, लडक्यानं, पंचवीस वर्षं चिकू उतरवले, आणि या पंचवीस वर्षांत पिकलेला चिकू वाट्याला आला तो बहुतेक पाखरांनी टोचलेला. वाटेवर विवळवेढ्याची महालक्ष्मी. चैत्राच्या जत्रेत वर्षाची मिरची घ्यायची, देवीला हात जोडायचे आणि पायीच परत यायचं. एवढं सगळं ती कोसाकोसानं सांगते. उगवतीकडचं अंतर मात्र तिला धड सांगता येत नाही. तिकडे तिचं माहेर, उंबरखोरी. "हे काय, जवळच," म्हणते. मोजायला गेलं तर झाईइतकंच लांब भरेल.

उंबरखोरी आणि उधवा यांच्या मध्ये तेव्हा हद्द होती. ती कशी आली याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. दोन-अडीचशे वर्षांमागे पेशव्यांच्या आरमारानं समुद्रात फिरंग्यांचं एक जहाज धरलं, आणि पुढे तहात त्याची भरपाई म्हणून डोंगरातली बहात्तर गावं देऊन टाकली. ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता, त्यांनी जहाजाची किंमत भरली! मग इकडे इंग्रज आला, तिकडे फिरंगी होताच, आणि दोन्ही साहेबांनी रान मापून दगड रोवले. इकडे राखीव जंगल आणि जमीनदाराची वेठ, म्हणून माणसं तिकडे पळायची. तिकडे फिरंग्याची वेठ, म्हणून इकडे पळायची. आगीतून फुफाट्यात आणि फुफाट्यातून पुन्हा आगीत, एवढीच काय ती मोकळीक. पंचेचाळीस साली इकडे लाल बावटा आला, उठाव झाला, वेठ मोडली. तिकडच्यांना आणखी नऊ वर्षं काढावी लागली. पुढे इकडे दारूबंदी झाली आणि तिकडे दारूची दुकानं राहिली, तेव्हापासून काही लोकांना ही हद्द फारच आवडू लागली. आजही आवडते.

भिकी लग्न होऊन ही हद्द ओलांडून आली तेव्हा फिरंग्याची चौकी ओस पडली होती आणि तिचं दारही कुणीतरी काढून नेलं होतं. लडक्या चांगला माणूस. दिवसाला चार शब्द बोलायचा, त्यातले दोन बैलाशी. तिला त्यानं कधी माहेरी जाऊ नको म्हटलं नाही. भाताची कापणी संपली की ती निघायची. उंबरखोरीत बावीस घरं होती, खाली नदी, नदीकाठी उंबरांची रांग. आई माशांचं कालवण करायची, भाऊ काकड्या ताडावरून ताडी उतरवायचा, आणि भिकी चार दिवस कुणाची सून नसायची. दुपारभर पडवीत पाय पसरून लोळायची आणि तिला कुणी ऊठ म्हणायचं नाही. ऐंशीव्या वर्षीही तिला सगळ्यात जास्त कशाची आठवण येत असेल तर या लोळण्याची.

मग नदीवर धरण झालं. पाणी वर चढायला लागलं तेव्हा भिकीचा थोरला मुलगा चौथीत होता. उंबरखोरीच्या लोकांना दूर सपाटीवर नव्या वसाहतीत जागा मिळाली. घरांचे वासे, कौलं, दळायची जाती, सगळं गाड्यांवर चढलं. शेवटी राहिला वाघदेव. गावाच्या शिवेवर, टेकडीवर तो असायचा. देव मागे ठेवून गाव हलत नाही, कारण देवाशिवाय नुसती घरं बांधली तर त्याला गाव म्हणत नाहीत.

आता इथे एक घोळ होता. त्या टेकडीवर दगड एक नव्हता, दोन होते. इतर गावांत वाघदेवावर वाघ, चंद्र, सूर्य कोरलेले असतात, पण उंबरखोरीचा देव साधा, अनघड. आणि फिरंगी साहेबांनी हद्द मापताना आपला दगड नेमका त्याच्याच शेजारी, हातभर अंतरावर रोवला होता. उंचीही सारखीच. गावकरी विचारी माणसं. कुठल्या दगडात कोण बसलंय आणि कोण कधी रागावेल, सांगता येतं का? त्यांनी दोघांनाही शेंदूर लावायला सुरुवात केली. दोन पिढ्यांत शेंदराची पुटं अशी चढली की साहेबाच्या दगडावरची अक्षरंसुद्धा बुजून गेली. खूण एकच राहिली: गावातून वर गेलं की उजवीकडचा तो देव. शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं.

देव हलवायच्या दिवशी गावाकडची वाट पाण्याखाली गेली होती. पाऊस लागलेला. काकड्या आणि तिघे जण टेकडीला वळसा घालून मागच्या अंगानं चढले, घाईघाईनं उजवीकडचा दगड खणून काढला, घोंगडीत गुंडाळला आणि निघाले. वाटेत बाकीचे आळीपाळीनं दमले, काकड्यानं मात्र खांदा बदलू दिला नाही. मागच्या अंगानं चढल्यावर उजवं ते डावं होतं, एवढं त्या पावसात चौघांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

वसाहतीत देव बसवला तेव्हा भिकी गेली होती. सगळ्या माहेरवाशिणींनी शेंदूर लावला. भिकीनं तळहात दगडावर दाबला आणि तिथेच तिचा हात थबकला. दगड आणताना एका जागी जुनं पूट खरवडून निघालं होतं, आणि तिच्या बोटांना कोरलेलं अक्षर लागलं. लहानपणी शेळ्या चरायला सोडून ती आणि काकड्या काडीनं याच अक्षरांतला शेंदूर उकरायचे आणि आईच्या शिव्या खायचे. म्हणजे गावानं फिरंग्याचा दगड आणला होता, आणि वाघदेव तिकडे एकटाच राहिला होता. तिनं भावाकडे पाहिलं. काकड्याच्या खांद्याची सालपटं निघाली होती, त्यावर हळद लावलेली होती, आणि तो आलेल्या प्रत्येकाला ती जखम दाखवत होता. भिकीनं खरवडलेल्या जागी शेंदूर जाड थापला आणि हात पुसला. त्याला चाळीस वर्षं झाली.

काकड्या त्याच समाधानात गेला. लडक्या गेला. वसाहतीत भिकी लग्नांना, मयतांना जात राहिली, पण तिथे तिला माहेर लागलं नाही. घरं रांगेत, नळ दारात, आणि पडवी नाहीच. भाऊ होता तोवर निदान त्याच्या अंगाला उंबरखोरीचा वास होता, तो गेल्यावर तेही संपलं. ती कुणाला बोलली नाही. संध्याकाळी अंगणात उगवतीकडे तोंड करून बसायची, एवढंच. नात शितल तिला एकदा म्हणाली, "आजी, सगळे मावळतीकडे बघतात, तिकडं सूर्य बुडतो." भिकी म्हणाली, "सूर्य उद्या परत येतो. जे परत येत नाय त्याच्याकडं बघावं."

यंदा महालक्ष्मीची जत्रा उठल्यावर, मे महिन्यात, काकड्याचा मुलगा नविन उधव्याला आला. नविन सिल्वासाला कंपनीत कामाला आहे. पन्नाशीचा, पोट सुटलेला, बोलायला बापासारखाच घाईचा. पेढे घेऊन आला होता.

"आत्या, वाघदेवाला सिमेंटचा ओटा बांधतोय आम्ही. वर पत्रा, खाली लादी. येत्या रविवारी देव पक्का बसवायचा. गावची सगळ्यात मोठी लेक तू, पयला शेंदूर तुझा."

"पक्का म्हंजे?"

"सिमेंटमधी. परत हलायचा नाय."

भिकीनं पेढा तोंडात घोळवला. तीन दातांना पेढ्याचं काम नसतं, तरी तिला वेळ लागला. मग म्हणाली, "येन. पण आधी मना उंबरखोरीला ने."

"तठं काय ए आत्या? पाणी."

शितलनं फोनवर नकाशा काढून दाखवला. निळंच निळं, नाव काही नाही. भिकीनं त्या निळ्यावर बोट ठेवलं तर नकाशा सरकून भलतीकडेच गेला. "बघ, तुझ्या फोनला पण सापडत नाय," ती म्हणाली, "मना सापडंल. यंदा पाणी लय उतरलंय, जत्रेत लोकं बोलत व्हती. टेकडी वर आली असंल. मी आथा किती वरसं जगन रं पोरा?" तिनं पेढे त्याच्याकडे परत सरकवले. "नेणार नसशील तर तुझा शेंदूर तूच लाव."

शुक्रवारी नविननं इको गाडी आणली. उधव्याहून खानवेलच्या रस्त्यानं निघाले. जुन्या हद्दीवर आता पाटी आहे आणि पाटीपलीकडे लागलीच दारूचं दुकान. भिकी त्याच्याकडे बघून म्हणाली, "फिरंगी गेला, पण ओटी भरून गेला." शितल इतकी हसली की नविनलाही हसू आलं. पुढे डोंगर सुरू झाले तशी भिकी खिडकीला सरकली. वळणावळणाला खिडकीबाहेर मान काढून बघायची आणि परत बसायची. ओळखीचं एकही झाड दिसत नव्हतं. चाळीस वर्षांत रस्त्यानंच जागा बदलली होती, झाडांचं काय घेऊन बसलात!

धरणाच्या काठाला तुक्या नावाचा म्हातारा कोळी मासेमारीची होडी घेऊन उभा होता. त्याचंही गाव याच पाण्यात. त्यानं भिकीला नाव-गाव विचारलं, उंबरखोरी म्हटल्यावर नुसती मान हलवली आणि तिला हाताला धरून होडीत बसवलं. पाणी संथ होतं. मधूनच वाळलेल्या उंबराचं टोक पाण्यातून वर आलेलं दिसायचं आणि भिकी मोजायची, "हे आमचं... हे शेजारच्या घरामागचं... हे कुणाचं?" एका जागी ती एकदम म्हणाली, "थांब." तुक्यानं वल्हं उचललं. "आमचं घर खाली ए," ती म्हणाली.  होडीच्या काठावरून वाकून ती खाली बघत राहिली. पाणी गढूळ होतं. काहीच दिसत नव्हतं.

टेकडीचा माथा खरोखरच वर आला होता. चिखल वाळून भेगाळलेला, मध्ये खुरटं गवत. आणि मधोमध एक दगड उभा. शेंदराचा कणही नाही, सगळा पाण्यानं धुऊन नेलेला. उघडा, काळा, अनघड. त्याच्या शेजारी हातभर अंतरावर गाळानं अर्धा भरलेला एक खड्डा.

भिकीनं चप्पल काढली. दोन्ही हातांनी दगड चाचपला, पुढून, मागून, बुडाशी. मग पदरानं त्याच्यावरचा वाळलेला गाळ पुसून काढला आणि त्याच्यासमोर पाय पसरून बसली. देवापुढे पाय पसरू नयेत हे तिला काय ठाऊक नव्हतं? पण ती लेक होती, आणि माहेरी आली होती.

"लडक्या गेला," तिनं त्याला सांगितलं. "तुला कळलं नसंल. काकड्या पण गेला. माझा धाकटा वापीला ऱ्हातो, सून बोलायला फटकळ ए पण मनाची वाईट नाय. ही शितल, थोरल्याची. बारावी झाली. अजून लगीन नाय म्हणते, काय करू सांग." मग गुडघ्यांचं सांगितलं, डोळ्याचं सांगितलं, वाडीतल्या मुकादमाला तीस वर्षांपूर्वी दिलेल्या शिव्या जशाच्या तशा ऐकवल्या. माहेरी आलेली लेक आईला सांगते ते सगळं. शितल आधी हसत होती, मग तिनं तोंड फिरवलं.

नविन मात्र त्या खड्ड्याकडे बघत उभा होता. माणूस घाईचा असला तरी बुद्दू नव्हता.

"आत्या, इथं दुसरा दगड व्हता ना? साहेबाचा?"

"व्हता."

"आन् हा साहेबाचा नाय."

"नाय. हात लावून बघ, अक्षर नाय त्याच्यावर. तुझा बा मागच्या अंगानं चढला. उजवीकडचाच उचलला त्यानं. पण उजवं बदललं व्हतं."

नविननं दगडापाशी बसून त्याच्यावर हात फिरवला. "चाळीस वरसं? आन् तू बोलली नाय? बा मरंस्तवर?"

"त्याच्या खांद्याचं मांस निघालं व्हतं रं. तो सगळ्यांना दावत व्हता. त्याला मी काय सांगू?"

"म्हंजे आपण चाळीस वरसं फिरंग्याला कोंबडे दिले!"

"दिले. तुम्हाला पोरं झाली, भात पिकला, बिबट्या गोठ्यात शिरला नाय. त्यानं काम नीट केलं ना? त्याची माणसं आगबोटीत बसून गेली, त्याला इसरून गेली. तुमचे कोंबडे खाऊन तो तुमचा झाला. रविवारी बसव त्याला सिमेंटमधी. मी येन, शेंदूर लावीन."

पण नविनच्या डोक्यात आता ते राहिलं नव्हतं. तो उठला, दगडाभोवती फिरला, बूड हलवून पाहिलं. "लय खोल नाय. उद्या दहा पोरं आणतो, दोर आणतो. तुक्याकाका दोन होड्या जोडून देतील. रविवारी खरा देव बसवू. बाची चूक मीच सुधारतो आत्या, तू बघच!" त्यानं लगेच दोन्ही हातांनी दगडाला मिठी घातली आणि जोर लावला. दगड बोटभर हलला, बुडाशी वाळलेली माती फुटली.

भिकी इतक्या चपळाईनं उठली की शितल घाबरली. तिनं नविनच्या हातावर चापट मारली, एकदा, दोनदा, लहान पोराला मारतात तशी.

"सोड! सोड म्हणते ना त्याला!"

"अगं पण आत्या, देव ए आपला. इथं एकटा पाण्यात..."

"म्हणून तर चाळीस वरसं बोलली नाय मी! नुसतं तुझ्या बासाठी नाय. बोलली असती तर तवाच येऊन नेला असता तुम्ही." ती धापा टाकत होती. दगडाला पाठ लावून उभी राहिली. "आय गेली, बा गेला, घर गेलं, नदी गेली, नकाशातून नाव पण गेलं. सगळी उठून गेली, एवढा एकच घरी ऱ्हायला. रोज सांजच्याला इकडं तोंड करून बसते मी, का? घरी कोणीतरी ए म्हणून. त्याला पण नेलास, तर मी माहेरी कोणाकडं येऊ रं?"

नविनचे हात खाली आले. 

"मी मेल्यावर कोणाला तरी ठावं असावं, म्हणून तुला आणला," ती म्हणाली, आता हळू. "नेऊ नको. इचारायला येत जा, बस."

नविन गुडघ्यांवर बसला. बुडाशी फुटलेली माती त्यानं दोन्ही हातांनी परत दाबली, चिखल आणून वर थापला, दगड हलत नाही याची खात्री केली. काठावरून तुक्यानं हाक मारली. वारा सुटत होता, होडी लवकर हलवायला हवी होती. शितलनं आजीला चप्पल दिली.

भिकी दोन पावलं चालली आणि मागे वळली. परत दोन पावलं चालली. मग सासरी पाठवताना पोर रडते तशी, नविनच्या गळ्यात पडून, ऐंशी वर्षांची भिकी मोठ्यानं रडली.